फरशीवरचं विकलन

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, खो-खोची ढाल असं बरंच काही लिहायचं डोक्यात होतं. पण लेखणी गणिताच्या सरांपुढे सरकेना. (नाव सांगायला नको, आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की तेच.)

अकरावीला विकलन, म्हणजे एक राशी जराशी वाढवली की दुसरी किती वेगाने बदलते ते काढायचं गणित, सुरू झालं. ‘घात खाली आणा, वरचा एकाने कमी करा’ हे क्लासला जाणाऱ्यांनी आधीच घोकलं होतं. एक्सच्या वर्गाचं दोन एक्स, घनाचं तीन एक्सवर्ग. सरांनी विचारलं, “हे दोन आले कुठून?” सगळे गप्प. मग अख्खा वर्ग अंगणात! शहाबादी फरश्यांवर सरांनी खडूने दहा बाय दहाचा चौकोन आखला. उजवीकडे आणि वर एकेक ओळ वाढवली. वाढल्या किती? एकवीस. दोन पट्ट्यांच्या दहा-दहा, कोपऱ्यातली एक. “आता एका फरशीऐवजी दशांश फरशीच वाढवा. पट्ट्या दशांश झाल्या, पण कोपरा शतांश! वाढ जितकी बारीक, तितका कोपरा बिनमहत्त्वाचा. उरल्या दोन बाजू. हे घ्या तुमचे दोन एक्स.” घनाला तीन तोंडं वाढतात, हे मग आम्हीच ओरडून सांगितलं. घंटा होऊन गेली, पुढच्या तासाच्या बाई ताटकळल्या, शिपाईकाका रेघांकडे बघून कुरकुरले. सरांना पत्ताच नाही.

वर्गमूळ म्हणजे अर्धा घात, तिथेही हाच नियम. चाचणीत मात्र दोनचा एक्सवा घात हमखास असायचा. चल घातांकात जाऊन बसला की हा नियम चालत नाही, लावणाऱ्याला शून्य.

आज मी इमारतींच्या तुळयांची गणितं करतो. दोन टोकांना टेकलेल्या, सारखा भार असलेल्या तुळईच्या डिफ्लेक्शनच्या, म्हणजे ती किती वाकते त्याच्या, सूत्रात एक्सचा चौथा घात असतो आणि छेदात 24. चारदा विकलन केलं की चार, तीन, दोन, एक असे खाली उतरतात, 24 उडतात आणि तुळईचे स्थिरांक बाजूला ठेवले तर हाती भार उरतो. हाताखालच्या पोरांना हे सांगताना माझा सूर थेट सरांसारखा लागतो.

अंगणात आता पेव्हर ब्लॉक आलेत, तेही नागमोडी. आखा त्यांवर चौकोन! स्मार्ट बोर्डावर सूत्र क्षणात उमटतं, सीईटीला तेवढं पुरतं म्हणे. नव्या विज्ञान इमारतीचे नकाशे समितीने माझ्याकडे पाठवलेत. तुळयांचं काम फी न घेता करतोय. अट एकच घातली आहे, मागच्या व्हरांड्याला शहाबादी फरशी.