‘वाट चुकतात’ हा आजार कोणत्या ओपीडीचा?

बाबांचं डोकं तल्लख. मागच्या हंगामातला कापसाचा भाव तोंडपाठ. फक्त वावरातून परतताना पांदणीच्या फाट्यावर थबकायचे. डावीकडं की उजवीकडं, सुचायचंच नाही. जन्म गेला त्या पांदणीत.

म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, काय होतंय? म्हटलं, वाट चुकतात. चक्कर येते? नाही. विसरतात? तसं नाही. मग कागदावर ठोकून दिलं ‘डोळे’. डोळेवाल्यांनी नजर तपासून मेडिसिनला धाडलं, तोवर ओपीडीची वेळ संपली. दुसऱ्या खेपेला जुना कागद चालेना, पुन्हा रांग, पुन्हा तोच प्रश्न. यावेळी ‘कान-नाक-घसा’! रांगेत बाबा उकिडवे बसलेले, मागचे लोक ओरडताहेत, “सरका न जी!” मी खिडकी सोडलीच नाही. म्हटलं, मेंदूची तपासणी लिहा, नाहीतर हटत नाही. तेव्हा कुठं मनोविकारचा शिक्का पडला.

तिथल्या मॅडमनी मात्र पहिल्याच वाक्यात मुद्दा पकडला. वाट आणि आठवण एकाच ठिकाणी राहतात म्हणे, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये. घरी येऊन वाचलं. 1971 साली जॉन ओ’कीफ यांना उंदरांच्या मेंदूत ठरावीक जागी गेल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. 2005 मध्ये मोझर दांपत्याला शेजारच्याच भागात अंतर-दिशेची जाळी आखणाऱ्या पेशी दिसल्या. 2014 चं नोबेल तिघांना मिळालं. अल्झायमर ह्या विसरण्याच्या आजारातली झीज बहुधा ह्या शेजारच्या भागातच आधी सुरू होते. म्हणजे खिडकीवरचे ‘विसरतात?’ आणि ‘वाट चुकतात’ एकाच घरचे निघाले!

जाणार असाल तर कुठं, केव्हा चुकले ते कागदावर लिहून न्या. बी-12 आणि थायरॉइड आधी तपासून घ्या; त्यातला बिघाड औषधानं सुधारू शकतो. आठवणीच्या चाचणीत तारीख विचारतात. बाबा म्हणाले, “तारीख काय माहीत, तिथी इचार न!” आणि तिथी बरोबर सांगितली. माणूस किती शिकलेला, हे आधीच सांगा आणि उत्तरं त्याच्या वतीनं देऊ नका.

हो, एमआरआयला जाताना कमरेचा चांदीचा करदोडा घरीच ठेवा. बाबांचा तिथं सोडता सुटेना, आमचा नंबर मागं गेला.