स्टोव्ह नादुरुस्त

सीमेवरच्या आमच्या पोस्टच्या रजिस्टरात जानेवारी 2006 मधली माझ्या हातची एक नोंद आहे: 'रात्रीचं जेवण 1830 वाजता. विलंबाचं कारण: लंगरचा स्टोव्ह नादुरुस्त.' लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. स्टोव्ह ठणठणीत होता. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, कागदावर खोटं लिहिलं ते एवढंच. निदान मुद्दाम लिहिलेलं तरी एवढंच.

तेव्हा मी नायब सुभेदार होतो. पलटणीचं नाव नको. जागा सांगतो, तंगधारचा इलाका, कुपवाडा जिल्हा. इकडे यायला साधना खिंड ओलांडावी लागते. ती दहा हजार फुटांच्या वर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने मिटते. मग पीठ, रॉकेल, बटाटा, टिनमधली भाजी, जे काही नोव्हेंबरपर्यंत खेचरांवर आणि पोर्टरांच्या पाठीवर चढलं असेल त्यावर वसंतापर्यंत दिवस काढायचे. युद्धबंदी 2003 च्या नोव्हेंबरपासून लागू होती, त्यामुळे तोफा गप्प होत्या. लोकांना वाटतं, तोफा गप्प म्हणजे आराम. पण फेन्सवर, म्हणजे नियंत्रण रेषेजवळच्या तारेच्या कुंपणावर, रात्रीची पहाऱ्याची पार्टी रोज लागायची, आणि तीच फेन्स बर्फाखाली मोडून पडायची.

त्या वर्षी आणखी एक झालं होतं. 8 ऑक्टोबर 2005 ला सकाळी भूकंप आला. 7.6 चा. उरी आणि तंगधार दोन्ही झोपले. आमचे बंकर बसले, खालच्या गावांतली घरं तर पत्त्यांसारखी पडली. पोरांनी आधी गावकऱ्यांना उपसून काढलं, मग बर्फ पडायच्या आत स्वतःचे बंकर पुन्हा उभे केले. साहजिकच सुट्ट्या बंद. 'भूकंपाचं काम संपलं की जा' असं सगळ्यांना सांगितलं गेलं. काम संपलं, तोवर खिंड मिटली होती.

आता त्या पोराची गोष्ट. मराठवाड्यातला, सहा वर्षं नोकरी, फेन्सच्या कामात एक नंबर. बाप वारलेला. चुलत्याने आधी बांध कोरला, मग वाटणीचा दावाच ठोकला. तारीख पडली होती आणि दाव्यात नाव याचं. ऑक्टोबरपासून अर्ज देत होता. शेवटी जानेवारीत लिंक पार्टी, म्हणजे बर्फातून पायी ये-जा करणारी तुकडी, ठरली. हे लोक पहाटेच्या आधी अंधारात निघतात, दोराने एकमेकांना बांधून, कारण ऊन चढलं की बर्फ सुटतं. चार माणसं रजेवर जाणार होती आणि याचं नाव तिसरं. त्याने बूट तेल लावून ठेवले होते.

आदल्या दिवशी दुपारी कंपनीतून फोनवर यादी आली. तिसरं नाव कापलेलं, त्या जागी आमचे कंपनी कमांडर, कॅप्टन साहेब, यांचा सहायक, म्हणजे दिमतीचा जवान. टेलिफोनवाल्याने सोबत हेही पुरवलं की सहायकाबरोबर साहेबांची ट्रंक जाणार आहे. एक्स्चेंजवर बसणाऱ्या माणसाइतकी बेशिस्त फौजेत कोणी पसरवत नाही, आणि त्याला कधी शिक्षा होत नाही. तो सहायकही अकरा महिने घरी गेला नव्हता. हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. ट्रंक मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरली.

मी बाहेर मोर्चाकडे, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकाकडे, गेलो होतो तेवढ्यात पोराने टेलिफोन उचलला आणि थेट कॅप्टन साहेबांना विचारलं, "साहेब, तुमच्या ट्रंकेच्या घरी कोण मेलंय?"

पाचच्या सुमाराला लंगर कमांडर माझ्या बंकरमध्ये आला. तिन्हीसांजेला सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहायचं, तो स्टँड टू; त्याच्या आधी जेवण उरकायचं अशी पद्धत. म्हणाला, "साहेब, कोणी ताट उचललं नाही."

"कोणी म्हणजे?"

"कोणीच नाही. चौदा माणसं लंगरात बसलीत. डाळ गार होतेय."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. पोरं रुसली, झालं. फौजेत एक जवान जेवला नाही तर तो रुसवा असतो, चौदा जण मिळून जेवले नाहीत तर आर्मी अॅक्ट 1950 चं कलम 37, म्हणजे बंड. मुंबईत 18 फेब्रुवारी 1946 ला नौदलाच्या 'तलवार' तळावरच्या खलाशांनी सुरुवात न्याहारी नाकारण्यापासूनच केली होती. दरबारात, म्हणजे वरिष्ठांसमोरच्या पलटणीच्या सभेत, जवान आपली तक्रार मांडू शकतो, पण 'मला त्रास आहे' एवढंच म्हणायचं. 'आम्हाला' हा शब्द तोंडातून निघाला की सगळ्यांच्या पाठी ताठ होतात. एका दोराने बांधून बर्फ चढवायचं, एका ताटात जेवू घालायचं, आणि गाऱ्हाणं मात्र एकेकट्याने. त्याच कलमात आणखी एक आहे, बंडाची कुणकुण लागूनही जो विनाविलंब वर कळवत नाही तोही गुन्हेगार. शिक्षा मृत्यूपर्यंत. तो गुन्हेगार म्हणजे त्या घटकेला मी.

छावणीत असतो तर रस्ता सोपा होता. आधी कोतला, म्हणजे हत्यारांच्या कोठीला, कुलूप, मग बोलणं. पण फेन्सवरच्या पोस्टवर कोत कुठली? प्रत्येकाची रायफल उशाशी, मॅगझिन भरलेली. शिवाय सात वाजता सहा जणांची पार्टी बाहेर पडायची होती. हत्यारं मागितली असती तर ज्याला अजून नाव नव्हतं त्याला मीच नाव दिलं असतं.

मी लंगरात गेलो. कोणी माझ्याकडे बघेना. उभे मात्र सगळे राहिले, ते बघून जरा धीर आला. जुन्या सुभेदार मेजर साहेबांनी कधीकाळी शिकवलं होतं, घोळक्याला हुकूम देऊ नकोस. घोळक्याने नाही म्हटलं की संपलं. एकेकाला नावाने बोलाव. मी म्हटलं, "ज्याला भूक नाही त्याने माझ्या बंकरमध्ये येऊन सांगायचं. एकेकट्याने. वर्दी नीट करून."

बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीजवळ बसलो. पहिला आला हवालदार, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

"काय त्रास आहे?"

"पोट ठीक नाही, साहेब."

"कधीपासून?"

"...दुपारपासून."

मी वहीत लिहिलं. दुसऱ्याचंही पोट. तिसऱ्याची दाढ. चौथ्याचं पुन्हा पोट. पाचव्याला म्हटलं, "तुझं काय, पोट की दाढ?" तर त्याला हसू फुटलं. "साहेब, मला खरं म्हणजे भूक लागलीय." मी म्हटलं, मग जा की. त्याच्यानंतर काम सोपं झालं. पोट दुखणाऱ्यांनाही भूक आठवली. मध्ये स्टँड टू झाला, त्याला सगळे वेळेवर मोर्चात उभे होते. साडेसहाला तेरा माणसं जेवली.

चौदावा तो. म्हणाला, "आम्ही जेवणार नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी."

"बरं. तू जेवू नकोस. सातला पार्टीत चल, माझ्या शेजारी."

हा निर्णय मी आजही उलटसुलट करून बघतो. चिडलेलं, उपाशी पोर, हातात भरलेली रायफल, आणि मी त्याच्या डाव्या अंगाला हातभर अंतरावर. काश्मीरमध्ये जवानाने आपल्याच माणसांवर गोळी चालवल्याच्या घटना झाल्या आहेत, आम्हाला त्या ठाऊक होत्या. पण त्याला पोस्टवर ठेवून गेलो असतो तर उशाला रायफल आणि डोक्यात तारीख घेऊन तो एकटा राहिला असता. मला त्याच्याकडून इतरांपेक्षा त्याच्याच जिवाची भीती जास्त वाटत होती.

रात्री दोनच्या पुढे कधीतरी कुरुम कुरुम आवाज आला. खिशातले शक्करपारे. पार्टीत खोकलादेखील गिळायचा असतो, त्या थंडीत बर्फावर आवाज कुठवर जाईल सांगता येत नाही. शिस्तीने म्हणाल तर त्या दिवसातला सगळ्यात मोठा गुन्हा तोच. मी एक शब्द बोललो नाही. थोड्या वेळाने अंधारात त्याचा हातमोजा माझ्याकडे सरकला. त्यात दोन शक्करपारे होते.

सकाळी कॅप्टन साहेबांचा फोन. चार वर्षांची नोकरी, नकाशात हुशार, माणसांत कच्चे. "तुमच्या पोस्टवर जेवण नाकारलं म्हणतात?"

"नाही साहेब. स्टोव्ह बिघडला होता. सगळे साडेसहाला जेवले."

"सगळे?"

"एकाचं पोट ठीक नव्हतं."

टेलिफोनवरच्या वाक्याचं मात्र मला काही करता आलं नाही. ते एक्स्चेंजमार्गे पलटणभर झालं होतं. वरिष्ठाशी उद्धट भाषा, कलम 40. टोपी-बेल्ट काढून सीओ साहेबांसमोर, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, पेशी आणि 28 दिवस कैद. जवानाला सीओ एवढीच कैद देऊ शकतात. वर लाल शाईची नोंद, म्हणजे नोकरीच्या कागदावर शिक्षेचा डाग. चौदा जणांचा राग होता, कैद एकाला. बाकीचे तेरा माझ्या स्टोव्हआड वाचले. तो तर या वाचवण्यात कधी धरलाच नव्हता. तारीख त्याच्याशिवाय होऊन गेली.

2012 साली लडाखमध्ये न्योमाला अधिकारी-जवानांची हाणामारी झाली, तेव्हा गावातले लोक मला विचारत होते, पगार कमी पडतो का हो तुमचा? पगाराने कोणी ताट टाकत नाही. ते मला सांगता येत होतं. जे सांगता येत नव्हतं ते मला त्याच्या आदल्या वर्षी हेड क्लार्ककडून कळलं होतं. 1925 चा कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांसाठी. जवान अशा भागात तैनात आहे असा सीओंच्या सहीचा दाखला कोर्टात गेला की दावा तहकूब होऊ शकतो. एक पान. ऑक्टोबरात, भूकंपाच्या दुसऱ्या आठवड्यातही ते लिहिता आलं असतं. त्याचे तीन अर्ज माझ्या हातून वर गेले, तिन्हींवर मी 'शिफारस' लिहून सही केली आणि कर्तव्य केलं असं समजलो.

मागच्या वर्षी पलटणीच्या मेळाव्याला तो आला होता. हवालदार म्हणून निवृत्त झाला. जमिनीचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. लंगर कमांडरही आला होता, आता केस पांढरे. तिघे एका टेबलावर जेवलो. अर्धं जेवण झाल्यावर लंगर कमांडर मला म्हणतो, "साहेब, एक बोलू? माझा स्टोव्ह ठीक होता. उगाच क्वार्टरमास्तरने मला झापलं."