राजाचा अबोला

आपल्याकडे नवरा-बायकोचा अबोला सुरू झाला की, समोरच बसलेल्या माणसाला ‘बाबांना सांग, गॅस संपलाय’ असे निरोप मुलांमार्फत जाऊ लागतात आणि मूळ भांडण बाजूला पडून आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न उरतो. या प्रश्नाशी आले की मला बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधील लिंकनचा बिशप ह्यू आठवतो. त्याच्यावर एकामागून एक दोन राजांनी अबोला धरला. दोन्ही वेळा आधी तोच बोलला आणि तरीही मूळ मुद्द्यावर तसूभरही मागे हटला नाही.

राजाची खप्पामर्जी म्हणजे काय, हे तेव्हाच्या बिशपांना सांगावे लागत नसे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट यांचे वर्षानुवर्षे बिनसले होते. ११७० च्या जुलैत दिलजमाई झाली खरी, पण समेटाची खूण म्हणून द्यायचे रिवाजाचे चुंबन हेन्रीने दिले नाही, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच कॅथीड्रलमध्ये ठार मारले. पुढे प्रायश्चित्त म्हणून हेन्रीने इंग्लंडमधल्या विटम येथे कार्थुसियन या एकांतवासी भिक्षूंच्या पंथाचा मठ स्थापला आणि तो मार्गी लावण्यासाठी आल्प्समधून ह्यूला बोलावून घेतले.

११८६ मध्ये बिशप झाल्यावर ह्यूने थोड्याच काळात राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्याला चर्चमधून बहिष्कृत केले आणि एका दरबाऱ्यासाठी राजाने मागितलेले चर्चचे उत्पन्नही नाकारले. आपणच आणलेला माणूस आपल्यावरच उलटतो, याचा राग हेन्रीला आला असल्यास नवल नाही. वुडस्टॉकच्या रानात तो सरदारांसह गोल करून बसला आणि बिशप आला तर कोणी उठायचे नाही, नमस्कारही घ्यायचा नाही, असे त्याने बजावून ठेवले. ह्यू आला, राजाशेजारच्या सरदाराला हलकेच सरकवून तिथेच बसला. कोणी बोलेना. शेवटी हेन्रीने सुई-दोरा मागवला आणि डाव्या हाताच्या दुखऱ्या बोटावरची पट्टी तो शिवत बसला. ते पाहून ह्यू म्हणाला, ‘‘आता अगदी फालेजच्या आपल्या नातलगांसारखे दिसता!’’

फालेज हे नॉर्मंडीतले, चामडे कमावण्या-शिवण्याच्या कामासाठी प्रसिद्ध गाव, आणि हेन्रीचा पणजोबा विल्यम, ज्याने इंग्लंड जिंकले, त्याचे आजोळ तिथले, तेही लग्नाशिवायच्या संबंधातले. भांडणात माहेर काढले तर काय होते, हे कोणत्याही संसारी माणसाला ठाऊक आहे. इथे तर भर दरबारात राजाच्या पणजोबाचे आजोळ निघाले. हेन्री हसत हसत जमिनीवर लोळला आणि न कळलेल्या दरबाऱ्यांना त्याने स्वतःच तो विनोद समजावून सांगितला. बहिष्कार मात्र ह्यूने राजा हसला म्हणून उठवला नाही. वनाधिकाऱ्याने रीतसर प्रायश्चित्त घेतल्यावरच तो उठला.

हेन्रीनंतर गादीवर आलेल्या त्याच्या मुलाचे, रिचर्डचे, प्रकरण अधिक अवघड होते. फ्रान्समधल्या युद्धासाठी ३०० घोडेस्वार योद्ध्यांचा वर्षभराचा खर्च बिशपांनी आणि सरदारांनी उचलावा, ही मागणी ११९७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत आली, तेव्हा लिंकनच्या चर्चवर इंग्लंडबाहेरच्या चाकरीचे बंधन नाही, असे ह्यूने ठणकावले. राजाने मालमत्ता जप्त करायचा हुकूम काढला, पण ह्यूच्या बहिष्काराच्या धाकाने अधिकारी पुढे होईनात. पुढच्या वर्षी ह्यू स्वतः नॉर्मंडीत शातो गेयारच्या किल्ल्यावर गेला. रिचर्ड प्रार्थनेला बसला होता. त्याने तोंड फिरवले. ह्यूने चुंबन मागितले. ‘तुमची ती लायकी नाही,’ असे उत्तर मिळाल्यावर ‘आहे, इतक्या लांबून आलोय,’ म्हणत त्याने राजाचा अंगरखा धरून चक्क गदागदा हलवला. रिचर्डला हसू आवरेना आणि बेकेटला न मिळालेले चुंबन ह्यूला मिळाले.

एवढ्यावर थांबून शहाण्याने परतीची वाट धरली असती. ह्यूने रिचर्डला बाजूला नेऊन, तो राणीशी एकनिष्ठ नाही आणि चर्चच्या नेमणुकांत पैसे खातो असे लोक म्हणतात, हेही तोंडावर सांगून टाकले. राजाने निमूटपणे ऐकून घेतले. ह्यू गेल्यावर तो म्हणाला की, बाकीचे बिशप असेच असते, तर त्यांच्यासमोर मान वर करायची कोणत्याच राजाची छाती झाली नसती.