पश्मीचं नाक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचा भुऱ्या जाऊन आता बराच काळ झाला, तरी औशाकडचं कुणी भेटलं की विचारणं तेच: "पश्मी म्हणजे नजरेवर पळणारं कुत्रं. त्यात तुमचं म्हातारं, डोळ्यांनी अधू. त्याला माग काढता कसा यायचा हो?"

विचारणाऱ्याला कुत्र्यातलं कळतं, हे प्रश्नावरूनच दिसतं. गुळगुळीत अंगाची ती कारवानी आणि कानाला, शेपटीला झुपकेदार केस असलेली ती पश्मी. आमच्या लातूर भागात दोन्ही दिसतात. चिंचोळं तोंड, लांब मान, पाठीला लागलेलं पोट. रानात ससा उठला की तो दिसतोय तोवर मागं सुटायचं, ही त्यांची पिढीजात रीत. आता सशाची शिकार गुन्हा आहे, पण अंगातली धाव कायद्यानं थोडीच जाते? ऐन उमेदीत भुऱ्या बांधावरून मोटारसायकलीशी शर्यत लावायचा. त्या काळात पायाशी टाकलेला भाकरीचा तुकडा दिसला नाही, तर हुंगून शोधायचे कष्टसुद्धा घेत नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

पुढं डोळ्यांत निळसर झाक आली. ओसरीवरच्या खाटेला धडकायला लागला. तेव्हापासून गावात सुरू झालं, डोळे गेले म्हणून देवानं नाक दिलं. मला हे कधी पटलं नाही. नाक त्याला पहिल्यापासून होतं, आम्ही त्याच्याकडून पळण्याखेरीज काही मागितलंच नव्हतं. उलट वयानं कुत्र्याचं नाकही थोडं मंदावतं, फक्त बहुधा डोळे-कान त्याच्या आधी दगा देतात.

आणि एक गोष्ट म्हातारपणानंच साधली. हुंगताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतं. बाहेर टाकायची हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून निघते, त्यामुळं पुढ्यातल्या मातीवरचा वास विसकटत नाही. पण तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या कुत्र्याला हे नीट जमत नाही. तरणा भुऱ्या कायम धापाच टाकत असायचा. म्हातारा भुऱ्या तोंड मिटून, माझ्या चालीनं चालायचा.

शिकवणं म्हणाल तर फार नव्हतं. पहाटे, दव असताना, मऊ रानातून पाय दाबत चालायचं आणि पावलापावलात ज्वारीच्या भाकरीचा बारका तुकडा टाकायचा. शेवटी माझा जुना टॉवेल आणि त्यावर चांगला मोठा घास. हळूहळू तुकडे विरळ करायचे, वळणं वाढवायची. बैलाचा जुना कासरा बांधायचा, पण गळ्यात नाही, छातीवरून पट्टा घेऊन. मग मागं गप चालायचं. हे गप चालणंच माणसाला जमत नाही. आमचे हे एकदा आले तर सारखं "भुऱ्या, इकडं, इकडं!" दुसऱ्या दिवसापासून त्यांना चहा करायला घरी ठेवलं. दुपारी मात्र नावच काढायचं नाही. काळी माती तापली की वास टिकत नाही, शिवाय म्हाताऱ्या जिवाला ऊन बाधतं.

कालवडीचं तेवढं सविस्तर सांगते, कारण ती गोष्ट तुमच्यापर्यंत भलतीच होऊन आलेली दिसते. येळवसेचा, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाचा दिवस होता. अख्खं गाव रानात, आमच्याही कोपीवर भज्जी-आंबील, पाहुणे, पोरांचा धुडगूस. संध्याकाळी बघतो तर देवणी जातीची कालवड दाव्यासकट गायब. दिवसभर एवढी माणसं फिरलेली, खुरांचे ठसे कुठले सापडायला! शेजारचे दाजी म्हणाले, "वैनी, नाद सोडा. सडकेवर टेंपोची चाकोरी हाय. नेली कुणीतरी घालून."

उजाडता उजाडता भुऱ्याला कालवडीच्या अंगावरचं पोतं हुंगायला दिलं. त्यानं गोठ्याभोवती दोन फेरे घेतले आणि सडकेकडं पाठ करून ओढ्याकडं निघाला. दाजी हसले. मी कासरा सैल सोडला. कुत्र्याला माग कुठून कुठं गेलाय हेही उमगतं. माणसाच्या पावलांवर केलेल्या प्रयोगांत तर पाचेक पावलांचा वास त्याला दिशा ओळखायला पुरल्याचं दिसलंय.

खरी पंचाईत हरभऱ्यात झाली. थंडीतल्या हरभऱ्यावर आंब, म्हणजे आंबट खार असते, ती त्याच्या नाकाला झोंबली. शिंकला, पुढच्या पायांवर नाक घासलं, पुन्हा शिंकला. मग तास सोडून धुऱ्यावर आला आणि कडेकडेनं चालत राहिला. ओढ्याच्या कोरड्या वाळूत माग तुटला. मान वर, नाकपुड्या हलताहेत, पुढं पाऊल नाही. मीही उभी. थोड्या वेळानं त्यानं वाळूत गोल फिरायला सुरुवात केली, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा. पलीकडच्या काठाला आला तशी कासऱ्याला ओढ लागली, एवढी की माझ्या तळहाताची सालं निघाली. तुरीच्या पल्याड बाभळीत दावं गुंतून कालवड उभी होती. भुऱ्याला ती दिसली नसणारच. तिच्या पोटाला नाक लावून तिथंच खाली बसला.

दाजींनी त्यानंतर टेंपोचा विषय काढला नाही. भुऱ्याला मात्र घरी बोलावून दूध पाजलं.

त्यानं हरवलेलं पोर शोधलं, चोर पकडला, हे जे तुम्ही ऐकलंय ते खरं नाही. कालवड, दोन-तीनदा शेळ्या आणि एकदा ह्यांची किल्ली, एवढंच. तो गेला उन्हाळ्यात, झोपेत. आदल्या सकाळीसुद्धा कासरा उचलल्याचा आवाज आला नसेल, पण त्याचा वास लागला आणि उठून दाराशी गेला होता.

यापुढचा तुमचा प्रश्न ठरलेला असतो, त्याचं पिल्लू आहे का. नाही. आणि पिल्लू कशाला हवं? तुमच्या घरी जे म्हातारं कुत्रं दिवसभर ओसरीवर पडून असतं, त्याचे सांधे आधी डॉक्टरांना दाखवा आणि उद्या पहाटे अर्धी भाकरी घेऊन त्यालाच रानात न्या.