गिली डूच्या मागावर पाच बंदुका

मंगळवार, रात्री.

आज दिवसभर गिली डू, स्कॉटिश लोककथांतला तो रानातला परीसारखा जीव, मनातून जात नाही. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर गेअरलॉख नावाचा मुलूख आहे. तिथल्या लॉख अ द्रूइंग या तळ्याकाठच्या बर्चच्या रानात तो एकटाच राहायचा. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. काळेभोर केस, ठेंगणी चण, अंगावर कपड्यांऐवजी पानं आणि शेवाळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चाळीसेक वर्षं तो लोकांच्या नजरेस पडत होता, असं तिथले जुने लोक सांगत. त्याने कुणाला त्रास दिला नाही. बोललाही कुणाशी नाही, एक जेसी मॅक्रे सोडून.

जेसी लहान होती तेव्हा उन्हाळ्यातल्या एका रात्री त्या रानात वाट चुकली. गिली डूने तिला मायेने सांभाळलं आणि सकाळी सुखरूप घरी पोचवलं. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. एवढ्यावर एखाद्या गावाने त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रानाच्या कडेला दूध ठेवलं असतं.

पण गेअरलॉखचे जमीनदार सर हेक्टर मॅकेन्झी यांनी आणखी चार मॅकेन्झी जमीनदारांना बोलावलं. कशासाठी? गिली डूची शिकार करायला! पाचही जण हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पारंपरिक पोशाख घालून, कमरेला खंजीर लावून, बंदुका घेऊन आले. पोटभर जेवले. लॉख अ द्रूइंगच्या एका कोठारात त्यांच्यासाठी हेदरच्या झुडपांची अंथरुणं घातली होती. मग रात्रभर त्यांनी रान पालथं घातलं. तो सापडला नाही. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

राक्षसाला मारायला निघालेले वीर लोककथांत पुष्कळ भेटतात, पण तिथे आधी राक्षसाने गावाचं काहीतरी बिघडवलेलं असतं. इथे अपराध कुठला? एकटं राहणं? मला या पाच जणांचा मनापासून राग येतो. रान त्यांच्या मालकीचं, म्हणून रानात जे जे राहतं त्याचा जीवही आपलाच, अशी ही समजूत. आणि ती काही त्या पाच जणांबरोबर संपलेली नाही.

जेसी पुढे मोठी झाली, तिचं लग्न झालं. गिली डूशी बोललेलं एकच माणूस त्या मुलखात होतं, ते म्हणजे ती. बंदुका भरण्याआधी तिला एका शब्दाने तरी विचारायचं होतं.