मोदकांच्या ऑर्डरी अडल्या आणि दोन जेक्वेरी सापडल्या

गणपतीला आठ दिवस राहिले होते तेव्हा मावशीचा फोन आला. ती ठाण्यातल्या नौपाड्यातून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, तिची वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणारी साइट मी सांभाळते. "अगं, घोडबंदरच्या बाई पिनकोड टाकतायत, पण डिलिव्हरीचे पैसे काही बदलत नाहीत. पुढे पैसे भरायचं येतच नाही म्हणतात."

मी लगेच डबा कार्टमध्ये टाकला, ४००६०२ भरला. सगळं व्यवस्थित. म्हटलं, त्यांचाच फोन जुना असेल. दुपारपर्यंत अजून तिघींची तीच तक्रार आली.

मग सपोर्टची वारी सुरू झाली. होस्टिंगच्या चॅटवर सांगितलं, कॅशे (साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) साफ करा. केला. साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमवाल्यांना स्क्रीनशॉट हवा होता. पेमेंट प्लगइनवाल्यांनी (प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्या दिवशी कळवलं की आमच्या बाजूने सगळं चालतंय. हेल्थ चेक प्लगइन टाकून ट्रबलशूटिंग मोड लावला, एकेक प्लगइन बंद-चालू केलं, तरी बिघाड दिसेना. दिसणार कसा? हा मोड फक्त लॉगिन केलेल्या अ‍ॅडमिनपुरता लागतो, आणि बिघाड फक्त लॉगिन न केलेल्यांना होता. दोन दिवस मी चांगलं चाललेलं पान तपासत बसले होते. "तुम्ही लॉगिन करून बघताय का?" हा एक प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. मावशी तिकडे वहीत हाताने ऑर्डरी लिहून घेत होती.

तिसऱ्या दिवशी रात्री इन्कॉग्निटो विंडो उघडली, जिथे लॉगिन नसतं, आणि पिनकोड टाकताच पान अडकलं. एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल बघितला, जिथे पानातल्या कोडच्या चुका दिसतात. लाल अक्षरात ओळ होती, ब्लॉक इज नॉट अ फंक्शन, आणि फाइल दाखवली होती वूकॉमर्सची (हे दुकान चालवणारं प्लगइन) चेकआउट डॉट जेएस, म्हणजे पैसे भरायच्या पानाची. इथे पुन्हा फसायला होतं, कारण कन्सोल फक्त कोण कोसळलं ते दाखवतो, धक्का कोणी दिला ते नाही. मीसुद्धा वूकॉमर्सची आधीची आवृत्ती टाकून पाहिली, तासभर गेला.

शेवटी जेक्वेरीची (पानावरच्या हालचाली चालवणारी तयार जावास्क्रिप्ट फाइल) आवृत्ती बघायला कन्सोलमध्ये जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी टाइप केलं (पहिल्या जेक्वेरीत क्यू कॅपिटल, दुसरी पूर्ण स्मॉल). उत्तर आलं १.११.३. वर्डप्रेस ६.४ पासून सोबत ३.७.१ येते, मग ही जुनी कुठून आली? कन्सोलशेजारच्या नेटवर्क टॅबमध्ये (पान कोणत्या फाइली मागवतं ते तिथे दिसतं) 'जेक्वेरी' शोधलं तर दोन फाइली, दुसरी बाहेरच्या सर्व्हरवरून. नव्या ग्राहकाला सवलत दाखवणारं पॉपअप प्लगइन स्वतःची जेक्वेरी घेऊन येत होतं, आणि तेही फक्त लॉगिन नसलेल्यांसाठी. वूकॉमर्सने 'ब्लॉक' (हिशेब होईपर्यंत पान अडवून धरणारं) हे फंक्शन पहिल्या जेक्वेरीला जोडलेलं असतं. मागून आलेल्या दुसरीने तिची जागा घेतली, चेकआउटला हीच मिळाली, आणि हिच्यात ते फंक्शन नव्हतंच. हे जुन्या, शॉर्टकोडच्या (पानात छोटा कोड टाकून बनवलेल्या) चेकआउटचं सांगतेय. नव्या, एडिटरच्या ब्लॉकनी बनलेल्या चेकआउटचं काम वेगळं चालतं (या ब्लॉकचा वरच्या फंक्शनशी संबंध नाही).

पॉपअप बंद केलं, कॅशे साफ केला, झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर या दोन गोष्टी आधी करा, इन्कॉग्निटो आणि नेटवर्क टॅब. पाच मिनिटांचं काम आहे. तिथे काही सापडलं नाही तरच प्लगइन बंद करत बसा, आणि तेही एकेक करून नको. निम्मी बंद करा, बिघाड गेला तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. मग त्यांचेही असेच निम्मे करत जा. मावशीच्या साइटवर २२ प्लगइन आहेत, म्हणजे फार तर पाच फेऱ्या. हे चालू दुकानात मात्र करू नका, स्टेजिंगची, म्हणजे चाचणीपुरती, प्रत काढून तिच्यावर करा. आणि हो, कन्सोलमध्ये डॉलर इज नॉट अ फंक्शन दिसलं तर ते दुखणं वेगळं. वर्डप्रेस डॉलरचं चिन्ह (जेक्वेरीचं छोटं नाव) मोकळं सोडतं, तिथे कोडमध्ये पूर्ण जेक्वेरी लिहावं लागतं.

पॉपअप मी परत लावलं नाही. सवलतीची ओळ आता मुखपृष्ठावरच साध्या अक्षरात आहे. त्याच रात्री घोडबंदरच्या बाईंची २१ मोदकांची ऑर्डर आली, पैशांसकट.