आधी मागचं देणं

2001 साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि आमच्या दिंडोरी तालुक्यात ज्याला त्याला वाइनरी काढायची घाई झाली. बाबांनीही काढली. आजोबा माळकरी, त्यांनी थॉमसनच्या, म्हणजे खायच्या द्राक्षांच्या, बागेशेजारची जागा दिली, पण आत पाय ठेवला नाही. वाइन करायची कशी हे बाबा पक्कं शिकले होते. विकायची कशी, तिथे सगळ्यांचीच बोंब. 2008 ची मंदी, त्यात नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, शेतकऱ्यांचे पैसे थकले. पुष्कळांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. आमच्या दाराला कुलूप लागलं.

ते मी उघडलं तेव्हा यंत्रांचीच धास्ती होती. पण स्टीलच्या टाक्यांना काय होतंय? आत टार्टरची, म्हणजे वाइनमधून खाली बसणाऱ्या क्षाराची, खरपुडी धरली होती, ती गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून निघाली. गॅस्केटं बदलली, कूलिंगला नवा कॉम्प्रेसर घेतला. एक्साइजच्या परवान्याला याहून जास्त वेळ लागला, पण तो विषय नको.

खरी गाठ पडली फेब्रुवारीत. घरची शिराझ, म्हणजे लाल वाइनची द्राक्षं, पुरणार नव्हती, म्हणून शेजारच्या नानांची बाग ठरवली होती. पहाटे तोडणी करून ऊन चढायच्या आत क्रेट दारात आले. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, 24; बुरशीचा मागमूस नाही. मी क्रशर सुरू करायला सांगितला, तर नाना पिकअपच्या फाळक्यावर हात ठेवून उभे.

"पोरी, माल उतरायच्या आधी मागचं बोलू."

खिशातून काट्याच्या जुन्या पावत्या निघाल्या. खाली बाबांची सही. बाबा आत होते, बाहेर आले नाहीत.

इकडे माल तापायला लागलेला. खालच्या क्रेटमधले मणी दबून फुटले की रस तिथेच आंबायला लागतो, आणि ती चव पुढे बाटलीपर्यंत येते. मागचं आणि आजचं एकदम देण्याइतके पैसे खात्यात नव्हते. तसं सांगितलं.

"आजचं कोण मागतंय? त्याचे दोन हप्ते कर. हे आधी मोकळं कर."

"आणि व्याज, नाना?"

"ते तुझ्या बापाकडून बघतो."

चेक लिहिला, फाळका पडला, दुपारपर्यंत सगळा माल टाकीत गेला. संध्याकाळी गावभर बातमी. दुसऱ्या दिवशी आणखी तिघे जण पावत्या घेऊन हजर. त्यातल्या दोघांकडे आता वाइनचा एक वेलही नाही. त्यांच्याशी बाबाच बोलले.